मतदार यादीचं काम बघणाऱ्या आमच्या बीएलओ ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

२०२४च्या पावसाळ्यात मी आईचा फॉर्म ८ ऑनलाइन भरला. गावाकडच्या मतदार यादीतलं तिचं नाव इथे आणायचं होतं. आमचं घर भाड्याचं, लाइट बिल मालकाच्या नावावर, आईच्या आधारवर अजून गावचाच पत्ता. असा धड पुरावा नसला की बीएलओनं जागेवर येऊन खात्री करावी लागते. तुम्ही दोनदा आलात, दोन्ही वेळा आमच्या दाराला कुलूप. ‘पत्त्यावर आढळले नाही’ एवढं लिहून तुम्हाला मोकळं होता आलं असतं. तिसऱ्यांदा तुम्ही रविवारी संध्याकाळी भर पावसात तीन जिने चढून आलात. आईशी बोललात, शेजारच्या काकूंना विचारलंत आणि चहाला नको म्हणालात, कारण अजून चार घरं बाकी होती.

त्या पाच-दहा मिनिटांत कळलं की तुम्ही अंगणवाडी सेविका. दिवसभर पोरांचा आहार, वजनं, उंच्या, आणि त्यानंतर ही यादी. कागदावर तुम्ही बीएलओ, म्हणजे ‘मतदान केंद्रस्तरीय अधिकारी’. पण त्यासाठी वेगळी नोकरी नाही. शिक्षक, अंगणवाडी सेविका, तलाठी, पालिकेचे कर्मचारी यांनीच आपलं काम सांभाळून ते करायचं. २००७ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की शिक्षकांना यादीचं काम सुटीच्या दिवशी द्यावं. मुलांचे तास वाचले हे बरंच झालं, पण बाईंचा रविवार गेला तो गेलाच.

तुम्ही आमचा जिना चढलात तेव्हा या कामाचं मानधन वर्षाला ६,००० रुपये होतं. म्हणजे महिन्याला ५००. ऑगस्ट २०२५मध्ये निवडणूक आयोगानं ते १२,००० केलं. बातमी वाचली आणि तुम्हीच डोळ्यांपुढे आलात. आनंद झाला, तरी मला ते पुरेसं वाटत नाही. हजारभर नावं, त्यांतले मयत, घर बदललेले, लग्न होऊन आलेल्या सुना, नुकती अठरा पूर्ण झालेली पोरं. शिवाय अठरा पूर्ण झाली का हे ज्या तारखेला बघायचं, त्या पात्रता तारखा २०२२पासून वर्षाला चार. या कामाला रीतसर पगार हवा आणि त्यासाठी कामाच्या दिवसातले तास मोकळे करून द्यायला हवेत.

२०२४च्या विधानसभेला, २० नोव्हेंबरला, आईनं इथे पहिल्यांदा मत दिलं. घरी येताना बोटाची शाई बघत म्हणाली, “त्या बाईंना दाखवायला हवं होतं.”

तेव्हाचा चहा राहिलाय. अंगणवाडी सुटली की एकदा या. आई वाट बघतेय.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची मुलगी