चार वाजता कुणी नव्हतं, कारण सभा दहाला होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला आफ्रिकेतल्या शाळेवरचा पानभर लेख वाचला. दोनदा वाचला. पहिल्यांदा कौतुकाने, दुसऱ्यांदा चष्मा पुसून. लेख तळमळीने लिहिलाय हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी.

मथळ्यात ‘आफ्रिका’, चौकटीत ‘आफ्रिका’, फोटोखालीही ‘आफ्रिका’. टांझानियाचं नाव सापडायला चौथा परिच्छेद उजाडला आणि शाळा टांझानियातल्या ज्या भागात आहे ते इरिंगा तर कंसात. उद्या कुणी साताऱ्याच्या शाळेवर ‘आशियातील एक शाळा’ म्हणून लिहिलं तर आपण छापाल का? असो.

मुद्दा सभेचा आहे. रखवालदाराने लेखकाला सांगितलं, शिक्षकांची सभा ‘सा न्ने’ला आहे. मोजा, म्बिली, तातू, न्ने, म्हणजे एक ते चार, एवढं लेखकाने विमानातच पाठ केलेलं, त्यामुळे स्वारी चार वाजता वही-पेन घेऊन हजर. पाहतो तर वर्गाला कुलूप आणि आवारात चिटपाखरू नाही. त्यावरून लगेच निदान: ‘इथे वेळेला किंमत नाही.’ आणि आपण ते वाक्य उचलून ठळक अक्षरांत चौकटीत घातलंत.

अहो, सा न्ने म्हणजे सकाळचे दहा! तिथल्या किस्वाहिली भाषेत तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सात ते त्यांचा एक, आपले आठ ते दोन, आपले दहा ते चार. विषुववृत्ताच्या आसपास सूर्य बारा महिने साधारण सहाच्या सुमारास उगवतो, त्यामुळे हा हिशेब कधी चुकत नाही. आपल्याकडेही घटका सूर्योदयापासूनच मोजत, पंचांग उघडून बघावं. तर सभा दहाला भरली, संपली, माणसं घरी गेली. सहा तास उशिरा कोण पोचलं, ते वाचकांनीच ठरवावं.

हीच फजिती माझीही झाली होती, ते लपवत नाही. 2013 ते 2015 अशी दोन वर्षं मी त्याच भागातल्या एका धर्मादाय संस्थेच्या शाळेत बिनपगारी गणित शिकवलं. (मुलगा दार-ए-सलामला नोकरीला होता, त्याच्या ओळखीने गेले.) पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी ‘सा म्बिली’ला बोलावलं होतं. मी इस्त्रीची साडी नेसून दुपारी दोनला दारात. गृहस्थ सकाळी आठपासून वाट बघत होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि चहा मागवला. चहाला तिकडेही ‘चाय’च म्हणतात, तेवढं मात्र मला पहिल्या दिवशी कळलं. मी तो प्रसंग पेपरात छापून त्यांना आळशी ठरवलं नाही, एवढाच काय तो फरक.

आता फोटो. खाली ओळ आहे, दोन स्वयंसेवकांची नावं, आडनावांसकट, ‘शाळेच्या स्वयंपाकघरात’. दोघांच्या मध्ये डोक्याला फडकं बांधलेली एक बाई उभी आहे, तिचा उल्लेखच नाही. आणि तिचा लाकडी पळा लेखकाच्या हातात!

त्या पळ्याला ‘म्वीको’ म्हणतात. किस्वाहिलीत म्वीको या शब्दाचा दुसरा अर्थ निषिद्ध. आमच्या स्वयंपाकघरात दोन्ही अर्थ एकाच वस्तूला लागू होते, कारण आमच्या स्वयंपाकिणीखेरीज कुणी त्याला हात लावायचा नाही. बाई पहाटे अंधारात यायची. तीन दगडांची चूल, वर कंबरेइतकं पातेलं, ओल्या लाकडांचा धूर. सकाळच्या सुटीत उजी, म्हणजे मक्याच्या पिठाची पातळ पेज. दुपारी उगाली, म्हणजे त्याच पिठाची घट्ट उकड, आणि घेवडा, नाहीतर मका-घेवडा एकत्र शिजवलेलं मकांदे. उगाली घट्ट होत आली की ती दोन्ही हातांनी पळा धरून, एक पाय मागे रोवून, अख्ख्या अंगाने ढवळायची. मी एकदा हौसेने मागितला. पाच-सहा वेढ्यांत माझा खांदा भरून आला. तळाला धरलेल्या खरपुडीला ‘उकोको’ म्हणतात. आपल्याकडे खरवडीवरून भावंडं भांडतात ना, तशी तिथे सातवीतली दांडगी पोरं त्या उकोकोवर तुटून पडायची.

लेखात ‘चॉकलेटं वाटताच चेहरे उजळले’ असं वाक्य आहे. तिथे माझं डोकं फिरलं. माझ्या वेळी असेच दोन पाहुणे आले, परदेशी, मनाने चांगले. नऊ-साडेनऊला त्यांनी वर्गावर्गात बिस्किटांचे पुडे वाटले. दहाला उजीची घंटा झाली, मुलं रांगेत आली खरी, पण कपात थोडी घेऊन तशीच ठेवून गेली. पातेलं जवळजवळ भरलेलं राहिलं. महिन्याचं पीठ मापून आलेलं असायचं, साखर तर चमच्याने मोजलेली. आमची स्वयंपाकीण काही बोलली नाही. बादल्या भरभरून शेजारच्या डुकरांना नेऊन ओतल्या, परत आली आणि दुपारच्या घेवड्यातले खडे वेचायला बसली. पाहुण्यांनी तिचा फोटो काढला. तो कुठे छापून आला असेल, कोण जाणे.

तिचं नाव मी इथे देत नाही, कारण तिला विचारलेलं नाही. लेखकाने वर्गातल्या मुलांचे चेहरे छापण्याआधी कुणाला विचारलं होतं का, हे जरा त्यांना विचारून बघावं.

‘कोवळ्या हातांत कुदळ’ हेही वाक्य आहे. त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे स्वतः शिक्षक होते. लोक त्यांना आजही ‘म्वालिमू’ म्हणतात, म्हणजे गुरुजी. शाळेने शेती करावी, मुलांनी हाताने काम करावं, हे त्यांनी 1967 साली धोरण म्हणूनच मांडलं. ते धोरण पुढे किती टिकलं, त्याच्या नावाखाली मुलांना किती राबवलं, यावर वाद घालता येईल, मीही घातला आहे. पण रयत शिक्षण संस्थेच्या जिल्ह्यात छापल्या जाणाऱ्या वर्तमानपत्राने तरी कुदळ बघून गळा काढू नये. कर्मवीरांची ‘कमवा आणि शिका’ आपल्याकडे भाषणात चालते, तिकडे दिसली की दया येते.

दया यायचीच तर शिक्षकांची यावी, पण त्यांच्यावर लेखात दीड ओळ आहे: ‘शिक्षक वारंवार गैरहजर.’ का, ते कोण विचारणार? आमच्या संस्थेने देणगीतून दोन नव्या खोल्या बांधल्या, रंग दिला, दारावर दात्यांची पाटी लावली. त्याच सुमारास शिक्षकांचा पगार तीन महिने थकला होता. पगारावर पाटी लावता येत नाही ना! नोव्हेंबर-डिसेंबरात पहिला पाऊस पडला की त्यातले काही दोन-चार दिवस आपल्या शेतात मका टोकायला जायचे. पगार नसताना वर्षाचं धान्य कुठून आणणार? आमच्या एका सहकाऱ्याची दुकानात (तिकडे ‘डुका’) एवढी उधारी झाली होती की तो शाळेत लांबच्या वाटेने यायचा, दुकानदार दिसू नये म्हणून. तरी सातवीच्या परीक्षेआधी त्याने संध्याकाळचे जादा तास घेतले, आणि मुलांनी घरून आणलेल्या कंदिलावर घेतले.

लेखक पंधरा दिवस राहिला, त्यातले तीन दिवस रुआहा राष्ट्रीय उद्यानात हत्ती बघण्यात गेले, असं त्यानेच लिहिलं आहे. हत्ती जरूर बघावेत. मीही बघितले.

जाता जाता एक. मार्चमध्ये दहावीच्या गणिताच्या पेपरवरचं माझं पत्र आपण निम्मं कापून छापलंत, त्याबद्दल तक्रार नाही. पण खाली ‘निवृत्त शिक्षक’ असं छापलंत. माझ्या यजमानांना त्यावरून तीन अभिनंदनाचे फोन आले आणि त्यांनी ते घेतलेही. यंदा तेवढी एक वेलांटी आणि एक काना सांभाळावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा