खोकला नको, श्वास मोज

नाशिक

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

निफाडचा पारा उतरला की घरोघरी खोकला सुरू होतो. बाळ दहा महिन्यांचं, म्हणून न्यूमोनियाचं लिहिते.

खोकल्याच्या आवाजावर जाऊ नकोस. बाळ शांत असताना झबलं वर कर, पोटाकडे बघ आणि घड्याळ लावून पूर्ण 60 सेकंद श्वास मोज. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नकोस. तान्ह्यांचा श्वास एका लयीत नसतो. रडताना, तापात आकडा फुगतो, तेव्हा शांत झाल्यावर पुन्हा मोज. या वयात मिनिटाला 50 किंवा जास्त भरले तर त्याच दिवशी डॉक्टर. वर्ष झाल्यावर हीच मर्यादा 40.

श्वास आत घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, बाळ कण्हतंय, अंगावर ओढत नाही, प्यायलेलं सगळं उलटतंय, झटका आला किंवा उठवूनही उठत नाही, तर मोजत बसू नकोस, 108 ला फोन कर. रुग्णालयात नाकात नळी लावून ऑक्सिजन आणि इंजेक्शनं लागतात. घरचा मोठ्यांचा ऑक्सिमीटर बाळाच्या बोटावर नीट बसत नाही, त्याच्या आकड्यावर विसंबू नकोस.

साधा न्यूमोनिया असेल तर बहुधा अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक देतील, वजनावरून, दिवसातून दोनदा, पाच दिवस. विरघळणारी गोळी चमचाभर उकळून गार केलेल्या पाण्यात दे. दुसऱ्या दिवशी खेळायला लागलं म्हणून बंद करू नकोस, आणि दोन-तीन दिवसांत श्वास उतरला नाही तर परत दाखव. व्हायरसचा असेल तर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. डॉक्टरांनी दिलं नाही म्हणून भांडू नकोस. मेडिकलमधून मनाने खोकल्याचं सिरप तर मुळीच नको.

न्यूमोनियाचे जंतू घरातूनही येतात. त्यातला न्यूमोकोकस हा जंतू धडधाकट माणसाच्या नाकातही असतो, खोकल्या-शिंकांच्या थेंबांतून बाळाकडे जातो. सर्दी झालेल्याने पापे घेऊ नयेत, बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुवावेत. आंघोळीनंतरची ओव्याची धुरी मात्र बंद. सासूबाईंना वाईट वाटेल, पण धुराने श्वासनलिकेचं अस्तर दुखावतं आणि जंतूंना वाट मिळते. शेकोटीजवळही बाळाला नेऊ नकोस.

लसीचं कार्ड काढून बघ. पीसीव्ही, म्हणजे न्यूमोकोकसविरुद्धची लस, सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिन्यांना असते. नवव्या महिन्याचा रकाना कोरा असेल तर आशाताईंना विचार, पुढचं लसीकरण कोणत्या वारी आहे.

तुझी,
आई