डाळिंबाच्या कॅप्सूलबद्दल

प्रिय मनू,

काल रात्री तू व्हॉट्सॲपवर त्या डाळिंबाच्या अर्काच्या कॅप्सूलचा फोटो टाकलास आणि विचारलंस, "आई, घेऊ का?" त्याचं उत्तर एका ओळीत देता येईना म्हणून हे एवढं टाईप करतेय, ट्रेनमध्ये बसायला मिळालं की नीट वाच.

डबीवर पॉलिफेनॉल लिहिलंय ना, म्हणजे फळं, बिया, चहा यांत असणारी वनस्पतींची द्रव्यं, ते तसंच्या तसं रक्तात जातच नाही गं. खाल्लेल्यापैकी साधारण 5 ते 10 टक्केच लहान आतड्यात शोषलं जातं, बाकीचं सगळं खाली मोठ्या आतड्यात पोचतं, आणि खरं काम तिथे सुरू होतं. तिथले बॅक्टेरिया त्याला चिकटलेली साखर आधी काढून टाकतात, मग मोठा रेणू तोडून लहान करतात, आणि ते लहान तुकडे रक्तात जातात. डाळिंबातल्या टॅनिनपासून, म्हणजे त्यातल्या तुरट पॉलिफेनॉलपासून, आधी एलॅजिक ॲसिड निघतं आणि गॉर्डोनिबॅक्टर वगैरे बॅक्टेरिया मिळून त्याचं युरोलिथिन नावाचं लहान द्रव्य बनवतात. हे युरोलिथिन डाळिंबात नसतंच, ते आपल्या पोटात तयार होतं! 2016 साली आलेल्या एका अभ्यासात युरोलिथिन ए दिल्यावर छोटे किडे जास्त जगले आणि उंदीर जास्त पळू शकले, कारण पेशींमधली खराब झालेली मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा देणारे भाग, साफ व्हायला त्याने मदत होते. माणसांवरही ट्रायल झाल्यात, स्नायूंच्या ताकदीत थोडा फरक दिसलाय, पण त्या लहान ट्रायल आहेत, त्यावरून म्हातारपण थांबतं असं म्हणणाऱ्या जाहिरातींवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे सगळ्यांच्या पोटात हे बनत नाही. काहींच्यात युरोलिथिन ए बनतं, काहींच्यात बी प्रकारचं जास्त, आणि काहींच्यात अजिबात नाही. म्हणजे तू आणि बाबा एकच डाळिंब अर्धं अर्धं खाल्लंत तरी दोघांच्या रक्तात वेगवेगळं काहीतरी जाणार. सोयाबीनचंही तेच, त्यापासून इक्वॉल नावाचं असंच एक द्रव्य बनवणारे बॅक्टेरिया पाश्चात्त्य देशांत साधारण तिघातल्या एकाकडे असतात, जपानमध्ये निम्म्या लोकांकडे. मग कॅप्सूल कितीही महाग घे, तुझ्याकडे तो बॅक्टेरिया नसेल तर ती काय करणार?

त्यापेक्षा जवसाची चटणी खा, मनापासून सांगते. जवसातल्या लिग्नान नावाच्या पॉलिफेनॉलपासून पोटातले बॅक्टेरिया एंटेरोलॅक्टोन नावाचं असंच लहान द्रव्य बनवतात, आणि त्यांना लागणारा चोथाही त्यातच असतो, कॅप्सूलमध्ये तो नसतो. घरी कर, अवघड नाही. मंद आचेवर जवस तडतडायला लागले आणि खमंग वास आला की लगेच उतरव, जरा जास्त झालं तर कडू लागतं. गार झाल्यावर लसूण, तिखट, मीठ घालून मिक्सरला फिरव. मात्र बारीक वाटच, अख्खे दाणे न पचता तसेच बाहेर पडतात. डाळिंब दादरच्या मंडईत चांगलं मिळतं, ते दाणे काढून खा, गाळलेल्या रसात चोथा राहत नाही. जांभळं आली की जांभळं, बाकी चहा तू पितेसच, त्यातही पॉलिफेनॉल असतं.

अजून एक, आणि याची मला कॅप्सूलपेक्षा जास्त काळजी वाटते. मागच्या महिन्यात सर्दीला तू केमिस्टकडून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणून घेतलंस. सर्दी व्हायरसने होते, त्यावर त्याचा काही उपयोग नाही, पण पोटातले हे बॅक्टेरिया मात्र मरतात. फिनलंडमध्ये 2002 च्या अभ्यासात अँटिबायोटिक घेतलेल्या लोकांच्या रक्तात एंटेरोलॅक्टोन कमी सापडलं होतं, आणि ज्यांचा कोर्स होऊन कित्येक महिने झाले होते त्यांच्यातही. डॉक्टरांनी तपासून दिलं तर जरूर घे, कोर्स पूर्ण कर, त्यात टाळाटाळ नको. पण घसा खवखवला की आधी मला फोन कर, डॉक्टरांकडे मी येते तुझ्याबरोबर, आणि ती डबी अजून फोडली नसशील तर आजच रिटर्नला टाक.

तुझी आई