पांढरा गेला म्हणून डाव जात नाही

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय विन्या,

पत्र पोचलं. त्या दिवशीच्या एट-बॉल पूलच्या डावावरून, टेबलाचं भाडं कोण देणार यावरून तुझं नि शेखरचं अजून मिटलेलं नाही म्हणतोस. पैज मटण थाळीची असती तर काय झालं असतं कुणास ठाऊक!

तुझे सातही पट्टेवाले बॉल संपले होते. शेवटचा काळा आठ नंबर हुकला आणि ज्यानं मारतो तो पांढरा बॉलच पॉकेटात, म्हणजे टेबलाच्या भोकात, गेला. शेखर म्हणतो डाव गेला, तू म्हणतोस नुसता फाउल. जागतिक नियमांत तुझंच खरं. काळा जागेवर आहे तोवर डाव चालू. पांढऱ्यासोबत काळाही पडला, आपले बॉल संपायच्या आधी पडला, सांगितलेल्या पॉकेटाऐवजी दुसरीकडे पडला किंवा टेबलाबाहेर उडाला, तरच हार.

पण शेखरनं हे मनानं रचलेलं नाही. अमेरिकेतल्या कित्येक बारमध्ये आठवर खेळताना पांढरा गेला की डाव गेला, असंच खेळतात. तिथल्या नाणं टाकून चालणाऱ्या टेबलांत पांढरा सोडून पडलेला बॉल पेटीत अडकतो, नवं नाणं घातल्याशिवाय परत येत नाही. म्हणून ब्रेकला, म्हणजे डावाच्या पहिल्या फटक्याला, आठ पडला की तिथं सरळ डाव जिंकला. जागतिक नियमांत तसं नाही: आठ परत स्पॉटवर, म्हणजे टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर, ठेवायचा किंवा पुन्हा ब्रेक करायचा.

पुढं मात्र तुम्ही दोघं चुकलात. शेखरनं पांढरा ‘डी’मध्ये, म्हणजे टेबलाच्या एका टोकाच्या अर्धवर्तुळात, ठेवला, तो स्नूकरचा नियम. वर दोन शॉट मागितले, ते इंग्लंडच्या पबचे. खरं तर त्याला पांढरा टेबलावर हवा तिथं ठेवून खेळता आलं असतं. म्हणजे त्यानं स्वतःचंच नुकसान केलं. मातीत चितपट बघायचं नि गादीवर गुण मोजायचे, हे खासबागेच्या कुस्ती मैदानाशेजारी वाढलेल्याला काय सांगायचं? तुम्ही एकाच कुस्तीत दोन्ही आणलं.

आणखी एक फाउल आपल्याकडं कुणी धरतच नाही. पांढरा आपल्या बॉलला लागल्यावर काहीतरी पडलं पाहिजे, नाहीतर कुठलातरी बॉल कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडेला, टेकला पाहिजे. नुसतं हळूच चिकटवून ठेवलं की फाउल.

आता पांढरा गेला कसा? काळा पॉकेटासमोर, शॉट जवळजवळ सरळ, आणि तू क्यू (काठी) पांढऱ्याच्या मधोमध मारलास. लांबून येताना पांढरा कापडावर लोळायला लागतो, आणि लोळणारा बॉल टकरीनंतरही पुढंच जातो. मधल्याखाली मार. अंतर जास्त असेल तर आणखी खाली, कारण उलटी फिरकी कापडाच्या घर्षणानं वाटेतच मरते. टोकाला चॉक नीट लाव, नाहीतर क्यू सटकेल. काळा थोडा बाजूला असेल तर एवढी भीती नाही, पांढरा आपसूक वाकडा जातो.

पुढच्या वेळी रॅक (सुरुवातीची बॉलची मांडणी) लावतानाच विचारून घे: पांढरा गेला तर कुठं ठेवायचा, पॉकेट सांगायचं का, ब्रेकला आठ पडला तर काय. त्या दिवशीचं भाडं निम्मं-निम्मं करा. शेखरला मी तेच सांगणार आहे.

तुझा,
बाळ्या