छाटलेल्या फांद्यांतली ऊब

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरचा पारा पाच अंशांखाली उतरला, की लष्कर भागातल्या गल्ल्यांत दोन प्रकारचा धूर दिसतो. एक चौकातल्या अलावाचा, म्हणजे शेकोटीचा, ज्याविषयी माझी तक्रार नाही. दुसरा विजेच्या तारांखालून छाटलेल्या ओल्या फांद्यांचा, ज्या कोणीतरी कोपऱ्यावर रचून पेटवून देतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या वाड्यासमोर असा ढीग दोन दिवस धुमसत होता आणि दम्याचा त्रास असलेल्या माझ्या पत्नीला दारे-खिडक्या लावून बसावे लागले. उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच ठरवून दिलेला आहे. पण मला दंडापेक्षा त्या फांद्यांची अधिक हळहळ वाटते.

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. ते पेटवले, की बरीचशी उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते आणि उरतो तो धूर. तेच लाकूड फोडून, वरून छप्पर व बाजूंनी वारा मिळेल असे रचून ठेवले, तर आपल्याकडचा एक उन्हाळा ते वाळवायला बहुतेक वेळा पुरतो. आमच्या घरी आजीच्या काळातला तांब्याचा बंब अजून वापरात आहे. अंघोळीचे वीस लिटर पाणी पंधरा अंशांवरून चाळिसावर न्यायला ५०० किलोकॅलरी लागतात आणि किलोभर वाळल्या लाकडात साधारण साडेतीन हजार असतात. म्हणजे निम्मी उष्णता नळीवाटे वाया गेली, तरी एका बादलीला तीनशे ग्रॅम लाकूड पुरते. (बंब अंगणातच पेटवावा. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपण्याने दर हिवाळ्यात माणसे दगावतात, तरी ती सवय सुटत नाही.)

बंबाला जाड लाकूड चालते. बारीक काटक्यांचे आणि डहाळ्यांचे काय, हा खरा प्रश्न. फ्रान्समधल्या प्रोव्हान्स प्रांतात झाँ पँ नावाच्या गृहस्थांनी १९७०च्या दशकात जंगलातल्या झुडपांच्या ढलप्यांचे कित्येक टनांचे ढीग रचले, आत नळ्यांची वेटोळी पुरली आणि काहीही न जाळता, निव्वळ कुजण्याच्या उष्णतेवर साठ अंशांच्या आसपास तापलेले पाणी महिनोन्‌महिने मिळवले. हे वाचून मी परसात प्रयोग केला. पहिला ढीग पोत्याएवढा असल्याने आठवड्यातच निवाला, कारण लहान ढिगाची उष्णता आत टिकत नाही. दुसऱ्या वेळी वखारीतून ढलप्या आणून, त्यांत ताजे शेण कालवून, भरपूर पाणी शिंपून सुमारे चार घनमीटरचा ढीग रचला. नुसत्या लाकडात नत्र फार कमी असते, ते शेणातून मिळते. आणि ढलप्यांच्या फटींतून हवा खेळत राहिल्याने ढीग सडून घाण येत नाही. पाचव्या दिवशी तापमापक अठ्ठावन्न अंश दाखवत होता! आत तीस मीटर काळी नळी होती, तिच्यात पंधरा लिटर पाणी मावते; तेवढे कढत निघे, मग कोमट, आणि पुन्हा दोन-तीन तास थांबावे लागे. सहाव्या आठवड्यात ढीग चाळिसांवर आला. घरापुरते हे उपकरण थोडे दमवणारेच आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो. उरलेल्या खताने मात्र पत्नीचे गुलाब खूश आहेत.

परंतु जे एका घराला दमवते, ते रैन बसेऱ्याला, म्हणजे बेघरांच्या रात्रनिवाऱ्याला, शोभेल. तेथे मोकळी जागा असते, सकाळी पन्नास माणसांना गरम पाणी हवे असते आणि मोठा ढीग अधिक काळ तापलेला राहतो. शेणाची तर शहरात वाण नाही; लालटिपारा गोशाळेत शेणापासून वायू तयार करण्याचा प्रकल्पही २०२४ मध्ये सुरू झाला आहे. उणीव आहे ती फांद्यांच्या ढलप्या करणाऱ्या यंत्राची आणि छाटलेला माल वेगळा साठवण्याच्या जागेची. बागेचा कचरा वेगळा ठेवावा, असे २०१६ च्या घनकचरा नियमांनीच नागरिकांना सांगितले होते. आम्ही तो ठेवलाही, पण न्यायला आलेल्या गाडीने तो ओल्या-सुक्या सगळ्यात एकत्रच ओतला.

पावसाळ्यापूर्वी तारांखालची छाटणी होईल, तेव्हा निदान एका प्रभागात जाड लाकूड छपराखाली रचावे आणि बारीक डहाळ्यांच्या ढलप्या करून ठेवाव्यात, म्हणजे नोव्हेंबरात एका रैन बसेऱ्याशेजारी ढीग लावता येईल. माझी नळी आणि तापमापक त्यासाठी मी आनंदाने देईन.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक
लष्कर, ग्वाल्हेर