शर्वरी, थोडे दिवस गप्प राहा

बेळगाव

चि. शर्वरीस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू अगदी कुजबुजत बोललीस. मला बरं वाटावं म्हणून बोललीस, पण मला रात्रभर झोप नाही. स्वरतंतूंवर गाठी आहेत, महिनाभर पूर्ण मौन, असं डॉक्टरांनी सांगितलंय ना? मग कुजबुजायचंही नसतं गं, त्यानंही गळ्यावर ताण येतो. म्हणून पत्र लिहितेय. वाचायला गळा लागत नाही.

पुढच्या महिन्यातल्या गाण्याच्या कार्यक्रमाचं विचारायचं नाही असं ठरवलं होतं. पण नकार कळवलास ना? "आठ दिवसांनी आवाज मोकळा झाला तर बघू" असं काही सांगून ठेवलं नाहीस ना? तुझा स्वभाव मला माहीत आहे. दहावीच्या वर्षी तापातसुद्धा पहाटे खर्ज लावून बसली होतीस, आणि अण्णा कौतुकानं तंबोरा जुळवून देत होते.

मिरजेच्या गाडीत सुळेभावी आलं की अण्णा तुला खिडकीशी ओढायचे आणि कुमार गंधर्वांचं गाव म्हणून हात जोडायला लावायचे. खरं नाव शिवपुत्र कोमकळी, जन्म १९२४ चा, लहानपणीच मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब गायचा, ही गोष्ट तुला पाठ होती. अकरा-बारा वर्षांचा मुलगा मुंबईत देवधर मास्तरांकडे गाणं शिकायला गेला, इथपर्यंत आलं की अण्णा थांबायचे. पुढचं तुला सांगायला त्यांना नको वाटायचं. मी सांगते.

१९४७ मध्ये कुमारांचं भानुताईंशी लग्न झालं आणि त्याच सुमारास क्षय निघाला. कोरड्या हवेसाठी १९४८ च्या जानेवारीत ते माळव्यातल्या देवासला गेले. वय तेवीस, म्हणजे तुझ्याएवढंच. देशभर नाव झालेलं, आणि डॉक्टरांनी गाणं बंद केलं. भानुताई शाळेत शिकवून घर चालवायच्या आणि हे खाटेवर. एक-दोन महिने नव्हे, वर्षांमागून वर्षं. त्या काळात त्यांनी काय केलं? ऐकलं. माळव्यातल्या बायका लग्नाची, पावसाची, सणांची गाणी म्हणायच्या, ती पडल्या पडल्या ऐकली. चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या त्या धुनांत त्यांना रागांचं बीज सापडलं, आणि मालवती, संजारी, लगनगंधार असे नवे राग त्यांनी पुढे बांधले. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नुकतंच मिळायला लागलं होतं, त्यानं जीव वाचला. एक फुप्फुस मात्र कायमचं निकामी झालं. १९५३ मध्ये ते पुन्हा मैफिलीत बसले, आणि १९९२ च्या जानेवारीत जाईपर्यंत गायले.

एका फुप्फुसामुळे त्यांचं गाणं तुकड्या-तुकड्यांचं झालं, असं लोक सहज बोलून जातात. मला ते कधीच पटलं नाही. दम कमी पडला असेल, पण कुठे थांबायचं आणि कुठून एकदम उसळायचं हे त्या माणसानं विचार करून ठरवलेलं होतं. तो विचार त्या खाटेवर झाला असणार. तुला तर महिनाभरच सांगितलंय. तेवढंही तुला जमू नये? लोणचं बंद कर, कॉफी कमी कर, पाणी पीत राहा, रात्री उशिरा जेवू नकोस. आणि आंघोळ करतानाही गुणगुणायचं नाही, ऐकतेयस ना?

बघ, पुन्हा उपदेश. माफ कर बाळ. तू काही लहान नाहीस, आणि गळा तुझा आहे.

तुझे बाबा म्हणतात, सगळे बरे होतात, तू उगाच घोर लावून घेतेस. पण मला गंगूबाई हनगल आठवतात. घशावरच्या उपचारानंतर त्यांचा बारीक, गोड आवाज गेला तो गेलाच. पुढे आला तो पुरुषी, भरदार आवाज. हुबळीहून कुंदगोळला आगगाडीनं जाऊन गुरू सवाई गंधर्वांकडे शिकलेलं गाणं त्या तोच आवाज घेऊन गात राहिल्या, आणि आज आपण गंगूबाई म्हणतो ते त्याच आवाजाला. तुझा आवाज बदलला तरी मला चालेल, हे सांगायला एवढं लिहिलं. पण बदलू नये असंही वाटतं. दिवे गेले होते त्या रात्री तू वाड्यात भूप राग म्हणालीस आणि समोरच्या जोशीकाकू जिन्यात येऊन बसल्या, तो आवाज मला हवा आहे. दोन्ही खरं आहे, मी काय करू?

पैशाची काळजी करू नकोस. शिकवण्या बुडाल्या तर बुडू देत. कुंदा आत्याचे पैसे अजून द्यायचे आहेत, ते आम्ही बघू. गुरुजींकडे मात्र जात राहा, मागे बसून नुसतं ऐक. ते रागावणार नाहीत, त्यांनीच कुमारांच्या किती मैफिली समोर बसून ऐकल्या आहेत.

नंदू शनिवारी पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर बेळगावचा गोड कुंदा आणि मेतकूट देतेय, आणि अण्णांची वही. त्यांनी आकाशवाणीवर ऐकलेल्या बंदिशी तीत उतरवल्यात. नुसती वाच, गाऊन बघू नकोस. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो नंदूच्या मोबाईलवर पाठव, मला स्वतः वाचायची आहे. आणि कार्यक्रमाचं काय केलंस ते एका ओळीत लिही.

तुझी,
आई