जाम नटावर ॲसिड ओतू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या घरगुती युक्त्यांच्या चौकटीत ‘गंजून जाम झालेल्या नटावर संडास साफ करायचं ॲसिड टाका, लगेच सुटेल’ असं छापून आलं आहे. माझी उमेदीची सगळी वर्षं सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यांत जॉबर, म्हणजे माग जुळवणारा-दुरुस्त करणारा, म्हणून गेली. जाम नट सोडवणं हे आमचं रोजचं काम, म्हणून लिहितो.

ते ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. गंज खातं हे खरं, पण गंज संपला की थांबत नाही, लोखंडाला लागतं. आट्यांत शिरलेलं नीट धुऊन निघत नाही आणि पुढे गंज वाढवत राहतं. नळाच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपवर पडलं तर आधी जस्ताचा थर जातो. बाटलीचं बूच सैल राहिलं तर वाफेनं न्हाणीघरातल्या कड्या-कोयंडेही लाल होतात. त्याच न्हाणीघरात बहुतेकांची ब्लीचिंग पावडर असते. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. निदान एवढं तरी त्या चौकटीत लिहायला हवं होतं.

लोखंडापेक्षा गंजाला जागा जास्त लागते. आट्यांच्या फटीत तो फुगतो आणि पाचर ठोकल्यासारखा बसतो. अशा वेळी पान्याला लांब पाइप लावून जोर केला तर नट जागचा हलत नाही, बोल्टच पिळवटून तुटतो. मग बसा ड्रिल मारत. नवा पोरगा कामावर आला की आधी त्याच्या हातातला पाइप काढून घ्यायचो.

बाहेर दिसणारे आटे तारेच्या ब्रशनं घासून घ्यावेत. डिझेलमध्ये थोडं मशीन ऑइल मिसळून थेंब-थेंब सोडावं (पूर्वी रॉकेल वापरायचो, आता ते मिळतं कुठे?). दुकानातला गंज सोडवणारा स्प्रेही चालतो. मग छोट्या हातोडीनं नटाच्या सहाही बाजूंना टकटक करावं. घाव घालायचा नाही. त्या हादऱ्यानं गंजाला बारीक चिरा पडतात आणि तेल आत उतरतं. रात्रभर तसंच राहू द्यावं. सकाळी सोडवायच्या आधी नट किंचित आवळावा. ऐकायला उलटं वाटेल, पण पकड मोडते ती तिथेच. ‘कट्’ असा आवाज येतो. मग पाव फेरा मागे, थोडा पुढे, पुन्हा तेल. एका दमात सोडायला गेलात तर गंजाचा भुगा आट्यांत गोळा होऊन नट अर्ध्यावर परत अडकतो.

तरी ऐकला नाही तर तापवावा. तापवायचा तो नट, बोल्ट नव्हे. पण आधी तेल-डिझेल पुसून घ्यावं, आणि जस्ताचा मुलामा असेल तर जाळ लावूच नये. तो धूर छातीत गेला की ताप भरतो.

सुट्या लोखंडी भागांना लिंबूसत्त्व पुरतं. उन्हाळ्यात माळ्यावरून शेवयांचं यंत्र उतरवलं की हमखास अडकलेलं असतं. घरातून ‘अहो, जरा बघता का’ आलं की मी ते खोलतो, लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून लोखंडी भाग रात्रभर बुडवून ठेवतो. सकाळी ब्रश मारला की काळपट गाळ निघून खाली पांढरट लोखंड दिसतं. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवून लगेच कोरडं करायचं, कारण उघडं लोखंड बघता बघता परत तांबूस होतं. इथे डिझेल-ऑइल अर्थातच नको. सोलापुरात शेंगतेलाला तोटा नाही, पण ते वर्षभरात चिकट होऊन बसतं. खोबरेल लावावं.

एक राहिलं. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते ‘जाम’ आहे म्हणून माझ्याकडे आणणारे बहुतेक जण ते सोडवत नसून आवळतच असतात.

चूक चौकटीत छापली होती, तर दुरुस्तीही चौकटीतच यावी, ही विनंती.

– एक निवृत्त जॉबर, सोलापूर